चिकाचा हलवा पहिल्यांदा करताय?

रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) घरात हा हलवा हवाच. पण आदल्या दिवशी सुरुवात करून चालत नाही. गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग वाटा, पंच्यातून पिळा आणि रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी हलक्या हातानं ओता. खाली बसतो तो चीक.

गाईचं दूध घालू नका. जेवणात मटण असतं आणि आपल्यात मांसाबरोबर दूध नाही. कोकणात नारळाला काय तोटा! एका वाटी चिकाला मी तीन वाट्या नारळाचं दूध घेते. साखर चवीनं, मीठ चिमूटभर.

खरी कसोटी ढवळण्यात. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आणि हात थांबवायचा नाही. फोन आला तरी. माझा पहिला हलवा गप्पांपायी बुडाला लागला. आईनं वरवरचा काढून वाढला, शब्दही बोलली नाही, तेच जास्त लागलं. कडा सुटून गोळा चकाकला की वेलची, जायफळ घालून ताटात थापा. वड्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच कापा. मुलं आधीच बोटं घालतात, घालू द्या.