जुना कॉम्प्युटर, नवी चिप : सोलापूरकर विचारतात

मागच्या अंकात एफपीजीए चिपवर (आतल्या जोडण्या आपल्याला हव्या तशा लावता येणारी चिप) जुने होम कॉम्प्युटर परत कसे उभे करतात यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि सोलापूरहून प्रश्नांचा ढीगच आला. सगळे घेणं शक्य नाही, त्यातले काही घेतोय.

प्रश्न : सर नमस्कार. माळा आवरताना माझा जुना डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला, वडिलांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेला. चालू होत नाही. मुलगा म्हणतो भंगारात द्या, एफपीजीएचा बोर्ड घेऊ, त्यात हाच कॉम्प्युटर तयार होतो. खरंच हाच होतो का? की लॅपटॉपवर इम्युलेटर टाकतात तसलंच काहीतरी? नीट सांगा की. (एक वाचक, होटगी रोड)

काका, पहिली गोष्ट म्हणजे भंगारात अजिबात देऊ नका. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये लायसन घेऊन भारतात आणलेला, इंग्लंडच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस आहे तो, आता मिळत नाही. आणि दुसरी गोष्ट, घरात पडलेला कुठलाही ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावून बघू नका. स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते, आजचे बहुतेक अ‍ॅडाप्टर मधे पॉझिटिव्ह असतात. उलटं लावलं की आतल्या सप्लायची वाट लागते, आणि खालच्या १६ केबी मेमरीच्या ४११६ चिपना +१२, +५ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातलं एखादं गायब झालं की त्या चिपाही पाठोपाठ जातात. त्यामुळे मीटर घेऊन बसणारा एखादा जुना टीव्ही मेकॅनिक गाठा, त्याच्याकडून हे तीन व्होल्टेज आधी तपासून घ्या, कीबोर्डची पातळ मेम्ब्रेन तडकलेली असणारच, ती नवी मिळते.

आता "हाच होतो का". इम्युलेटर म्हणजे एक प्रोग्रॅम, तो लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतो आणि एकेक करून नाटक वठवतो, आता झेड८० ची (म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरची) पाळी, आता व्हिडिओची, आता आवाजाची. एफपीजीएमध्ये प्रोग्रॅम चालत नाही. त्या चिपमध्ये हजारो बारके लॉजिकचे तुकडे असतात, प्रत्येकात एक छोटासा तक्ता आणि एक बिट लक्षात ठेवायची सोय, आणि त्यांच्यामधल्या जोडण्या आपल्याला ठरवता येतात. वीज आली की एक फाइल आत जाते आणि त्या जोडण्या लागतात. सोलापूरच्या माणसाला सांगायचं तर जकार्डचे पुठ्ठे बदलले की चादरीवरचं डिझाइन बदलतं पण माग तोच राहतो, हा झाला इम्युलेटर. एफपीजीएमध्ये मागच बदलतो, आणि त्याचे सगळे भाग एकाच वेळी हलतात.

पण म्हणून तो "अस्सल" झाला असं जे सगळीकडे सांगतात ना, ते मला पटत नाही. ती फाइल, म्हणजे कोअर, कुणीतरी माणसाने बसून लिहिलेली असते आणि त्याला जेवढं कळलं तेवढीच ती खरी असते. तुमच्याच मशीनचं उदाहरण घ्या. त्यात झेड८० आहे ३.५ मेगाहर्ट्झचा आणि फेरांटीने बनवलेली यूएलए नावाची चिप आहे, ती स्क्रीन काढते. खालची १६ केबी मेमरी दोघांची सामाईक, आणि यूएलएला स्क्रीनसाठी बाइट हवा असला की ती झेड८० चं घड्याळ चक्क थांबवून ठेवते. एका फ्रेममध्ये ३१२ ओळी, दर ओळीला २२४ ठोके, म्हणजे ६९,८८८ ठोके, आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या ठोक्याला प्रोसेसर किती थांबला यावर त्या काळच्या प्रोग्रॅमरांनी करामती केल्यात, स्क्रीनच्या बॉर्डरवरचे रंगीत पट्टे वगैरे. कोअर लिहिणाऱ्याचा एक ठोका चुकला की पट्टे सरकतात. उलट एखाद्याने हे सगळं जीव लावून साध्या इम्युलेटरमध्ये लिहिलं तर तो त्या चुकलेल्या कोअरपेक्षा जास्त खरा! एफपीजीएची खरी कमाई वेगळी आहे, बटण दाबणं आणि स्क्रीनवर दिसणं यात उशीर फार कमी, आणि जुना टीव्ही, जुनं टेप हे थेट जोडता येतं. मुलाला सांगा बोर्ड जरूर घे, पण शेजारी मूळ मशीन चालू अवस्थेत असेल तरच कोअर बरोबर आहे की नाही ते कळणार.

प्रश्न : दादा, ईएनटीसी थर्ड इयरला आहे. व्हेरिलॉग (चिपमधलं सर्किट लिहायची भाषा) थोडंफार येतं. मिनी प्रोजेक्टला स्पेक्ट्रम करायचाय. मिस्टर प्रोजेक्टचा रेडीमेड कोअर टाकला तर गाइड म्हणतात हा काय प्रोजेक्ट आहे का. डीई१०-नॅनो बजेटच्या बाहेर. कुठला बोर्ड घेऊ, सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

गाइडचं बरोबर आहे रे. मिस्टर हा डीई१०-नॅनो बोर्डवर जुन्या मशीनचे कोअर चालवायचा भारी प्रोजेक्ट, २०१७ पासून चाललाय, आधीच्या मिस्ट बोर्डवरून आला, आणि मिस्ट हे नाव अमिगा आणि अटारी एसटी या जुन्या कॉम्प्युटरांवरून. पण त्यात फाइल कॉपी करून तू शिकणार काय?

टँग नॅनो २०के घे. गोविनची चिप आहे, २०,७३६ लुकअप टेबल (वर सांगितलेले छोटे तक्ते), आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे आत ८२८ किलोबिट ब्लॉक रॅम. स्पेक्ट्रमला १६ केबी रॉम आणि ४८ केबी रॅम मिळून ६४ केबी, म्हणजे ५१२ किलोबिट लागतात, ते त्यात आरामात बसतात, म्हणजे वेगळ्या मेमरीसाठी एसडीरॅम कंट्रोलर लिहायची कटकटच नाही, आणि पोरं अडकतात ती तिथंच. त्याचाच धाकटा भाऊ ९के स्वस्त आहे पण त्यात ब्लॉक रॅम ४६८ किलोबिट, ६४ केबी बसत नाहीत, १६ केबीचं मॉडेल करायचं असेल तर ठीक.

प्रोसेसरपासून सुरुवात करू नको. झेड८० साठी टी८० हा व्हीएचडीएल या दुसऱ्या भाषेतला ओपन सोर्स कोअर आहे, तो घे आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घेतलाय म्हणून सरळ लिही. तू यूएलए लिही, सगळी मजा तिथं आहे. स्क्रीन मेमरी ६,९१२ बाइट, त्यातले ६,१४४ ठिपक्यांचे आणि ७६८ रंगांचे, दर ८ बाय ८ च्या चौकोनाला दोनच रंग, म्हणून तर जुन्या गेममध्ये हिरो झाडाजवळून गेला की झाडाचा रंग अंगाला लागायचा. आणि ओळी मेमरीत सरळ क्रमाने नाहीत, आधी चौकोनांच्या पहिल्या आठ रांगांमधल्या सगळ्या वरच्या ओळी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा विचित्र प्रकार आहे, पत्त्याचे बिट कागदावर मांडून बघ, मग त्यामागची हुशारी दिसेल.

घड्याळाचं एक ध्यानात ठेव. ३.५ मेगाहर्ट्झचं वेगळं क्लॉक बनवून गेटमधून सोडायच्या भानगडीत पडू नको. २८ मेगाहर्ट्झचं एकच क्लॉक सगळीकडे फिरव आणि दर आठव्या ठोक्याला इनेबल ("आता चाल" असा इशारा) दे. प्रोसेसर थांबवायचा असेल तर इनेबल रोखायचं, बस. आधी नुसत्या यूएलएचं व्हेरिलेटरमध्ये सिम्युलेशन कर (त्याला व्हेरिलॉगच कळतं, व्हीएचडीएलमधला टी८० नाही), तिथं चित्र दिसल्याशिवाय बोर्डला हात लावू नको. आणि मॉनिटर ५० हर्ट्झ घेतो का ते आजच तपास, काही मॉनिटर घेत नाहीत आणि मग प्रेझेंटेशनच्या दिवशी काळा स्क्रीन.

व्हायव्हाला कुणी विचारलं की खरा झेड८० विकत का नाही आणला, तर सांग की झिलॉगने १९७६ पासून चालत आलेला तो सुटा झेड८० २०२४ मध्ये बंद केला, शेवटच्या ऑर्डरी त्याच जूनमध्ये घेतल्या. जुना स्टॉक अजून मिळतो, पण नकली खूप आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. १९८५ च्या सुमारास आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो आले होते, आम्हाला ट्रेनिंगही दिलं होतं. नातीला दाखवायचा आहे. तो पण होतो का असा? (एक वाचक, सात रस्ता)

होतो की बाई, मिस्टरवर त्याचा कोअर आहे. तुम्ही म्हणताय ते क्लास प्रोजेक्टमधले, १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी सुरू केलेला, इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं मशीन. मला हे मशीन स्पेक्ट्रमपेक्षा जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. प्रोसेसर ६५०२, चालतो २ मेगाहर्ट्झवर, पण मेमरी ४ मेगाहर्ट्झची टाकलेली, त्यामुळे एक पाळी प्रोसेसरची, एक पाळी स्क्रीनची, कुणी कुणाला थांबवत नाही. वर स्पेक्ट्रममध्ये एकाच मेमरीवरून प्रोसेसर आणि स्क्रीनची मारामारी सांगितली ना, ती इथं नाहीच. मेमरी मात्र ३२ केबीच, आणि मोठ्या ग्राफिक्स मोडमध्ये त्यातली २० केबी स्क्रीनच खातो. नातीला मोड ७ मध्ये (नुसत्या अक्षरांचा स्क्रीन) बेसिकच्या चार ओळी टाइप करायला लावा, कुठलाही गेम दाखवण्याआधी. बोर्डाचा खर्च नको असेल तर ब्राउझरमध्ये चालणारे इम्युलेटरही चांगले आहेत, एवढ्यासाठी एफपीजीए घ्याच असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : गेमच्या आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या खूप कॅसेट आहेत, वीस-पंचवीस उन्हाळे पत्र्याखाली काढलेत. एफपीजीएच्या बोर्डवर त्या चालतात का? (एक वाचक, बाळे)

चालतात. मिस्टरच्या बोर्डवर आवाज आत घ्यायची सोय करता येते, टेपचा लाइन आउट जोडला की झालं. पण सोलापूरचा उन्हाळा म्हणजे ४२-४४ डिग्री, वर पत्रा, तेव्हा त्या कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवू नका, एकदाच वाजवा आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर घ्या. आधी पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, चिकटलेली टेप सुटते. प्लेयरचं हेड स्पिरिटने पुसा आणि हेडशेजारचा बारका स्क्रू अगदी थोडा फिरवत आवाज सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथं ठेवा, बऱ्याच "खराब" कॅसेट तिथंच बऱ्या होतात. प्लेयरवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, एमपी३ नको, कारण स्पेक्ट्रममध्ये एक आणि शून्य यांतला फरक म्हणजे फक्त लाटेची लांबी, एकची लाट शून्याच्या दुप्पट, आणि एमपी३ कानाला चालेल तेवढंच ठेवतो, लाटेचे काठ बिघडवतो. स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम आधी घ्या, गेम जगात कुठेतरी असतीलच.

प्रश्न : जुना सीआरटी टीव्ही जोडता येईल? परदेशी व्हिडिओत स्कार्ट म्हणतात ते आमच्याकडे कुठंच दिसत नाही. (एक वाचक, नवी पेठ)

स्कार्ट म्हणजे युरोपातल्या टीव्हीमागचं मोठं जोडणीचं भोक, आपल्याकडे ते फारसं आलंच नाही म्हणून दिसत नाही. मागून हिरवा-निळा-लाल अशी तीन व्हिडिओची भोकं असलेला शेवटच्या काळातला फ्लॅट सीआरटी शोधा, ते कॉम्पोनंट इनपुट, मिस्टरच्या सेटिंगमध्ये त्याची सोय आहे आणि चित्र झकास येतं. नुसतं पिवळं भोक असेल तर वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो. आपल्याकडेही टीव्हीची पाल पद्धत आणि ५० हर्ट्झच, त्यामुळे अमेरिकेतल्या लोकांना येते ती चित्र गडगडण्याची अडचण आपल्याला नाही. टीव्ही उघडायचा मात्र नाही, बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज साठून राहतो, जोराचा शॉक बसतो.

प्रश्न : रॉम डाउनलोड करणं कायदेशीर आहे का? (दोघा-तिघांनी विचारलंय)

रॉम म्हणजे मशीनच्या आतला कायमचा प्रोग्रॅम, आणि त्याचे हक्क मशीनप्रमाणे बदलतात. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये सिंक्लेअरकडून अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले आणि त्यांनी १९९९ मध्ये इम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली, हक्क स्वतःकडे ठेवून. अमिगाची किकस्टार्ट रॉम मात्र आजही विकत मिळते, म्हणजे फुकट उतरवायची नाही. गेमचं प्रत्येकाचं वेगळं, आणि "कंपनी बंद पडली म्हणजे फुकट" हा नियम कुठेच लिहिलेला नाही.

(कॉमोडोर ६४ च्या आवाजाच्या चिपबद्दल एकाच गल्लीतून तीन प्रश्न आलेत. त्या सिड चिपमधला फिल्टर अ‍ॅनालॉग आहे, दोन चिपा एकसारख्या वाजत नाहीत, त्यामुळे कोअरमध्ये नेमक्या कुठल्या चिपची नक्कल करायची इथूनच वाद सुरू होतो. त्यावर पुढच्या अंकात.)