ग्वाल्हेरच्या थंडीत खिडक्यांना रजईसारखे पडदे लावून खरंच फरक पडतो का? घरी कसे शिवायचे?

पडतो, पण चारही कडा बंद केल्या तरच. नुसता जाड पडदा दांडीवर लटकवला तर मेहनत वाया, हे मी एक अख्खा हिवाळा कुडकुडून शिकलोय.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन आलात आणि रात्री खिडकीकडून गार झोत येतो. येणारच. आमचं इथल्या लष्कर नावाच्या जुन्या भागातलं घर घ्या, दगडी भिंती, वर पाटियाचं म्हणजे दगडी फरशांचं छत, उंच खिडक्या, सगळं मे-जूनच्या ४५ डिग्रीच्या हिशोबाने बांधलेलं, जानेवारीचा विचार बांधणाऱ्याने केलेलाच नाही. रात्री पारा ५ च्या आसपास येतो आणि धुक्यामुळे चार-चार दिवस ऊन दिसत नाही, मग दगड जो गार पडतो तो पडतो. इकडे त्याला गलन म्हणतात, हाडात शिरते ती.

तर पहिल्या वर्षी मी हौसेने धुनियाकडून रुई पिंजून आणली आणि एकाच पडद्यात दोन किलो भरली. दांडी वाकली. टाके पण लांब-लांब घातलेले, त्यामुळे महिन्याभरात सगळी रुई घसरून खाली तक्क्या झाला आणि वर नुसतं कापड. आई म्हणाली, अरे गोधडीचा धावदोरा इतका जवळजवळ असतो तो काय शोभेला असतो का! आणि एवढं करून पाय गारच. मग एकदा उदबत्ती लावून पडद्याच्या खालच्या कडेशी धरली तर धूर सरळ खोलीत ढकलला जात होता, वरच्या कडेशी धरली तर पडद्यामागे ओढला जात होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खोलीतली गरम हवा वरच्या फटीतून मागे जाते, काचेला लागून गार होते, जड होऊन खाली उतरते आणि आपल्या पायावर येते, रात्रभर हेच चक्र. तुम्ही पण आधी उदबत्ती फिरवून बघा, कुठली खिडकी जास्त त्रास देतेय ते पाच मिनिटांत कळेल.

आता शिवायचं. रुई नको, फायबरची शीट घ्या, गादी-सोफ्याचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) एक पुरते. घरात जुनं ब्लँकेट असेल तर तेही चालतं, फुकटात काम. बाहेरच्या बाजूला फिक्या रंगाचं अस्तर, आतल्या बाजूला जरा जाड सुती कापड, टोपी बाजाराकडे एक चक्कर मारा. (ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतोय आणि ब्लँकेटं भरपूर येतात तिथे, पण तो सुरू होईपर्यंत डिसेंबर संपत येतो, म्हणजे थंडी निम्मी सोसून झालेली असते, त्याची वाट बघू नका.) माप घेताना खिडकीच्या चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला ३-४ इंच जास्त घ्या आणि वर अजून दोन-तीन इंच सोडा कारण टाके घातले की कापड आक्रसतं, माझा पहिला पडदा असाच आखूड पडलेला. अस्तर आणि फायबर एकत्र धरून ४-४ इंचांवर उभ्या-आडव्या टिपा मारा, मशीनला १६ नंबरची सुई, टाका मोठा. फार घट्ट दाबून शिवू नका, ऊब त्या फायबरमध्ये अडकलेल्या हवेची असते, ती दाबून काढली तर राहिली नुसती चादर.

मग आतल्या कापडाच्या लगेच मागे एक पातळ प्लास्टिक घाला, ते फक्त कडांना शिवा, मधे टिपा नकोत, भोकं पडतात. हे कशाला? तर आपल्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ पडद्यातून पार होऊन काचेवर पाणी धरते आणि चौकट काळी पडते. तरी थोडं पाणी येतंच, सकाळी पडदा उघडून पुसून घ्यायचं.

लावताना वरची कड लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने भिंतीला पक्की करा, दांडी-बिंडी नको. बाजूंना वेल्क्रो, पण चिकटवायचा घेऊ नका, चुन्याच्या भिंतीवरून पापुद्र्यासकट निघतो, चौकटीत बारीक खिळे मारून लावा. लोखंडी चौकट असेल तर मजा आहे, भंगारवाल्याकडून फ्रिजच्या दाराचं जुनं रबर आणा, त्याच्या आत चुंबकाची पट्टी असते, ती काढून कडेत शिवा, टकदिशी चिकटतं. अ‍ॅल्युमिनियमला नाही चिकटणार. खालच्या कडेत रेती भरलेली लांब पिशवी. उरलेल्या कापडाची तशीच एक दाराखाली पण ठेवा.

दिवसा ऊन असेल तर दक्षिणेकडचे पडदे गुंडाळून नाड्याने बांधून ठेवायचे आणि सूर्य मावळायच्या आधी सोडायचे. आमच्या खोलीत पहाटे दोन-अडीच डिग्रीचा फरक पडला, ऐकायला कमी वाटतं पण स्वेटर घालून झोपणं बंद झालं.

एक गोष्ट मात्र कान धरून सांगतो. खोली अशी बंद केली की आत सिगडी अजिबात नको, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, झोपेतच माणूस जातो. वरचं रोशनदान, म्हणजे छताजवळचा झरोका, थोडं उघडं ठेवा आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथल्या खिडकीला हे काही लावूच नका. हीटर पण पडद्यापासून तीन फूट लांब.

सगळ्या खिडक्या एकदम करायला जाऊ नका, उत्तरेची एक आधी करा. तिचं माप खाली टाकलंत तर कापड किती लागेल ते सांगतो.