१८९५ ची मुलं आजच्या पुण्यात आणताना

तुमच्या कथेत १८९५ सालचा मुलगा आणि मुलगी आजच्या पुण्यात येतात. मसुद्यात ही मुलं आगगाडी पाहून घाबरतात, ते आधी काढा. पुण्यात रेल्वे १८५८ पासून आहे; आगपेटी आणि रॉकेलचा दिवाही त्यांना सवयीचा.

मुलगा अडेल तो हिशेबात. त्याचा रुपया १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा. आजच्या काळातली आजी 'आठ आणे म्हणजे पन्नास पैसे' म्हणाली की तो भांडणारच, कारण त्याच्या लेखी पन्नास पैसे म्हणजे साडेबारा आणे! हा प्रसंग हातचा सोडू नका. दुकानांच्या पाट्या तो वाचेल, कारण छापील मराठी तेव्हाही बालबोधच, म्हणजे देवनागरीच होती. हाताने मात्र कदाचित मोडी लिपीत लिहील, आणि बालबोधीत 'घरांत', 'नाहीं' असे अनुस्वार देईल. ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, त्यामुळे वहीभर लाल खुणा.

मुलीचं प्रकरण उरकू नका. ब्राह्मण घरातली दहा वर्षांची असेल तर बहुधा तिचं लग्न झालेलं. मंगळसूत्र घालून शाळेत गेली, तर शिक्षिका चौकशी करतील, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोनही लावतील. तिला मात्र आपलं काय चुकलं तेच कळणार नाही. कथेचा खरा ताण इथे आहे, मोबाइलमध्ये नाही. आणि तिच्या तोंडी पहिल्या आठवड्यात 'सॉरी' घालू नका.