एथिक्स कमिटीची मंजुरी असेल, तर संमतीपत्र वाचायची गरज आहे का?

तुमच्या आईंना मधुमेहाच्या एका नव्या औषधाच्या अभ्यासात घ्यायचं म्हणताहेत, दहा-बारा पानी संमतीपत्र हातात दिलंय, आणि ‘एथिक्स कमिटीनं पास केलंय, काळजी करू नका’ असं सांगितलंय. मग वाचत बसायची गरज आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

हो, आहे. मी मराठीची निवृत्त शिक्षिका. गेली सहा वर्षं अशाच एका कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून बसते. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार कमिटीत डॉक्टरांबरोबर एक कायद्याचा जाणकार, एक समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातला माणूस आणि माझ्यासारखा एक बिगर-वैद्यकीय माणूस असावा लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. आम्ही बघतो ते एवढंच, की हा अभ्यास लोकांपुढे मांडण्याजोगा आहे का. तुमच्या आईंनी त्यात जावं की नाही, हे आम्ही ठरवत नाही. आम्हाला त्यांचं वय, त्यांची किडनी, घरची ओढाताण, काहीच माहीत नसतं.

माझ्याकडे मुख्यतः मराठी संमतीपत्र तपासायचं काम असतं. एकदा त्यात वाक्य होतं, ‘सहभागींची यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी करण्यात येईल व एका गटास प्लासिबो देण्यात येईल.’ तेवढंच वाक्य मी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे मला औषध मिळणार का नाही मिळणार?’ सगळ्या कागदातला कळीचा प्रश्न तोच होता आणि त्याचं उत्तर त्या वाक्यातून त्यांना मिळत नव्हतं. बैठकीत आम्ही ते बदलून घेतलं: ‘तुम्हाला खरं औषध मिळेल, की तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. कुठली मिळाली ते तुम्हाला किंवा तुमच्या डॉक्टरांना कळणार नाही.’

एवढ्यावर मी का अडून बसते, ते आपल्याकडच्याच एका अभ्यासावरून सांगते. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले. एका गटाची एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची), दुसऱ्याची पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत बघायची), तिसऱ्याची सौम्य अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांची तपासणी झाली नाही. हवी असल्यास इस्पितळात कुठे होते, ते त्यांना सांगितलं गेलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून अशाच धर्तीचा अभ्यास चालला होता. त्यात आरोग्य सेविकांनी अॅसेटिक अॅसिडची तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिथेही निम्म्या बायका तपासणीविना होत्या.

यावर पुढे मोठा वाद झाला, मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्येही. टीकाकारांचं म्हणणं, तपासणीनं जीव वाचतात हे जगाला कित्येक दशकं माहीत असताना हजारो बायकांना तसंच का ठेवलं, आणि सही करताना त्यांना हे समजलं होतं का? संशोधकांची बाजू अशी की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. पॅप चाचणीला लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि माणसं खेड्यात नव्हती, आणि साधी पद्धत चालते का हे पडताळल्याशिवाय सरकार ती हाती घेणार नव्हतं. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिशीपुढच्या बायकांसाठी हीच अॅसेटिक अॅसिडची तपासणी कार्यक्रमात घेतली, हेही खरं आहे.

मला दोन्ही बाजूंचं वजन जाणवतं. अभ्यासाची गरज होती असं मी मानते. तरी ‘इस्पितळात तपासणी होते’ एवढं सांगणं मला पुरेसं वाटत नाही. रोजावर जाणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून, कुठलंही दुखणं नसताना तालुक्याला जाईल, असं कुणाला खरंच वाटत होतं का? तिला कोणीतरी बसून सांगायला हवं होतं की बाई, या अभ्यासात तुझी तपासणी होणार नाहीये.

म्हणून तुम्ही संमतीपत्रात आधी हेच शोधा: आईंना काय मिळणार नाही. चालू गोळ्या बंद करायला लावणार आहेत का? अभ्यासात गेल्या नाहीत तर कुठले उपचार मिळतील? आपले नेहमीचे डॉक्टरच सांगताहेत म्हणजे हा उपचारच आहे, असं पेशंटला हमखास वाटतं. तसं ते नसतं. इथे डॉक्टर संशोधकही असतात आणि अभ्यासाचा पहिला हेतू माहिती मिळवणं हा असतो. अपाय झाला तर मोफत उपचार आणि भरपाई नियमात आहे, ते कागदावर लिहिलेलं हवं. मधेच बाहेर पडता येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कमिटीच्या माणसाचा फोन नंबर त्यात असतो. खरंच फोन करा, आम्हाला असे फोन फार कमी येतात. सीटीआरआय या सरकारी नोंदणीचा क्रमांकही विचारून घ्या. २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे आणि वेबसाइटवर कुणालाही बघता येते.

‘आत्ताच सही करा’ म्हणाले तर घरी नेऊन वाचतो म्हणून सांगा. तो तुमचा हक्क आहे. रात्री जेवणं झाल्यावर आईंना सावकाश वाचून दाखवा, आणि मग त्यांनाच विचारा, ‘आई, तुला यातलं काय समजलं ते मला सांग.’ त्या जिथे अडखळतील तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि उद्या तेच डॉक्टरांना विचारा.