जर्मनीतलं फुटबॉल स्टेडियम इंग्लंडपेक्षा जास्त का दणाणतं?

मुख्य कारण म्हणजे जर्मनीत हजारो लोक उभं राहून सामना बघतात आणि ते तिकीट स्वस्त असतं. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानावर एकट्या दक्षिण स्टँडमध्ये लीगच्या सामन्याला सुमारे 25,000 माणसं उभी असतात. पुढे एक जण मैदानाकडे पाठ करून, मेगाफोन घेऊन उभा. ढोल त्याच्या इशाऱ्यावर वाजतात, त्यामुळे गोल होवो न होवो, गाणी चालूच. गोल झाला की निवेदक खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो, आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. इंग्लंडमध्ये 1989 साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिने अखेर 97 जणांचा बळी घेतला. पुढे या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालानुसार इंग्लिश लीगच्या वरच्या दोन स्तरांतल्या क्लबांच्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या आल्या, तिकिटंही महागत गेली. शिवाय मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला 1985च्या कायद्याने बंदी. जर्मनीत बिअरचा ग्लास हातात असतोच. पण म्हणून इंग्लिश प्रेक्षक थंड असतात असं समजू नका. तिथे सहसा म्होरक्या नसतो, गाणं समोरचा खेळ बघून जागच्या जागी सुचतं, आणि टोमणे मारण्यात (माझ्या मते तरी) त्यांचा हात कुणी धरणार नाही. टीव्हीवर ऐकायचं तर पाहुण्या संघाचे समर्थक बसतात त्या कोपऱ्याकडे कान द्या. 2022पासून तिथल्या काही मैदानांवर उभं राहायची सोयही परत आली आहे.