संपादकांना फोन तुम्ही करू नका

प्रश्न : माझी मुलगी पणजीला मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कथा लिहिते. सात संपादकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कथा पाठवली, दोघांना मी स्वतः फोनही केले. कोणाचंच उत्तर नाही. एक प्रकाशक चाळीस हजारांत पुस्तक काढून देतो म्हणतो, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, तीन हजार धरलेत. काढावं का? आणि लेखनावर पोट भरेल का? – एक पालक, चोडण

उत्तर : नमस्कार. पत्रासोबतची कथा वाचली. मानशीची, म्हणजे शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी रात्री कोणी उचलली, यावरून दोन घरांत पेटलेलं भांडण तिने चांगलं रंगवलंय. पहिलं पान पावसाच्या वर्णनात गेलंय, ते काढलं तरी चालेल. पण मुलीला लिहिता येतं. घोडं अडलंय ते पाठवण्यात.

तिचा मेसेज असा : ‘नमस्ते सर, कथा पाठवते, प्लीज लवकर कळवा.’ खाली वहीच्या पानांचे फोटो. संपादकाच्या फोनवर असे मेसेज दिवसभर येत असतात. शिवाय फोटोतला मजकूर छापायचा तर कोणीतरी तो पुन्हा टाइप करायला हवा. कथा युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल मेलने पाठवावी. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर बऱ्याचदा वाचताच येत नाही. मेलच्या विषयात ‘कथा : मानशी, दिवाळी अंकासाठी, २४०० शब्द’ एवढं पुरे. आत चार ओळी : कथा अप्रकाशित आहे, सध्या दुसरीकडे दिलेली नाही, मी अमुक, राहते चोडणला, हा फोन नंबर. ‘आपल्याला नक्की आवडेल’ हे लिहू नये.

आणि तुमचे फोन बंद. राग मानू नका, पण वडिलांना ‘कथा जमली नाही’ असं तोंडावर सांगणं कोणालाही जड जातं, मग माणूस गप्प बसतो. तिने विचारलं तर तो निदान कुठे जमलं नाही ते सांगेल.

एकच कथा एका वेळी सात ठिकाणी नको. दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद. महिना-दीड महिना थांबून एक नम्र आठवण करावी. तरीही उत्तर आलं नाही, तर ‘कथा परत घेते’ असं कळवून दुसरीकडे द्यावी. दिवाळी अंकांची जुळणी पावसाळ्यातच होते, त्यामुळे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, नेवऱ्या (करंज्या) संपल्यावर पाठवलेली कथा सहसा पुढच्या वर्षावर जाते. तोवर ‘नवप्रभा’, ‘गोमन्तक’, ‘तरुण भारत’ यांच्या रविवारच्या पुरवण्या नीट वाचाव्यात. तिथे किती लांबीचं, कसलं लेखन येतं ते पाहून तेवढंच लिहून पाठवावं. आपण ज्या पुरवणीला लेख देतो ती न वाचणारे लेखक गोव्यात कमी नाहीत!

पुस्तक आत्ता नको. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो; दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा असतो. त्याचेच तीन हजार लावणाऱ्याचे बाकीचे आकडे कसे असतील, ते तुम्हीच पाहा. तुम्ही जोडलेल्या करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं एक वाक्य आहे. त्यावर मुळीच सही करू देऊ नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात, आणि कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. पुढे कथेवर कोणी नाटक करायचं म्हटलं तर परवानगी कोण देणार, हेही आधीच लिहून घ्यावं.

पोटाचं म्हणाल तर कथांच्या मानधनावर घर चालत नाही. पण शुद्ध मराठी लिहिणारा, वेळेवर काम देणारा माणूस वर्तमानपत्रांना उपसंपादक म्हणून लागतो, छापखान्यांना मुद्रितशोधनासाठी लागतो. कोकणी-मराठी-इंग्रजी अनुवादाचं कामही मिळतं, आणि तिन्ही भाषा तिच्या कानावर आहेतच. शेवटची परीक्षा झाली की एखाद्या दैनिकात दोन महिने उमेदवारी करू दे. तिथला अर्जही तिनेच लिहावा.