मानसिक संकटात सापडलेल्या माणसाकडे पोलिसांऐवजी आरोग्यसेवक पाठवणं खरंच चालतं का?

हो, चालतं. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जून २०२० पासून 'स्टार' नावाची व्हॅन फिरते. ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन आला आणि शस्त्र किंवा हाणामारीचा प्रश्न नसेल, तर एक मानसिक आरोग्य समुपदेशक आणि एक पॅरामेडिक (तातडीचे उपचार करणारा आरोग्यसेवक) जातात. बंदूक नाही, बेड्या नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत ७४८ कॉल झाले, अटक एकही नाही. भेदरलेल्या माणसासमोर वर्दी उभी राहिली की त्याची भीती वाढते. पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसणाऱ्याशी तो बोलू लागतो. 'पण धोका असला तर?' असं लोक विचारतात. तेव्हा पोलीस बोलवायचेच, ती वाट बंद होत नाही.

खरी अडचण पैशाची. अमेरिकेच्याच ओरेगॉन राज्यातल्या युजीन शहरात 'काहूट्स' ही सेवा १९८९ पासून हेच काम करत होती. २०२५ मध्ये निधीअभावी तिथली सेवा थांबली. फार वाईट वाटलं.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भटकणाऱ्या मनोरुग्णाला आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवरच आहे, मात्र त्याला कोठडीत ठेवता येत नाही. फोनवर मदतीसाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. दारापर्यंत येणारं पथक मात्र आपण मागायलाच हवं, अगदी महापालिकेपासून.